ढग आणणारं तेल : तैवानमधलं २०११ सालचं प्लास्टिसायझर प्रकरण

एप्रिल २०११. तैवानच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत एका प्रोबायोटिक पावडरीचा नमुना आला होता. पोटाला बरी म्हणून विकली जाणारी पावडर. तिच्यात कुणी गुपचूप ॲलोपॅथीची औषधं मिसळली आहेत का, एवढंच बघायचं होतं. यांग आडनावाच्या तंत्रज्ञ बाईंनी नमुना यंत्रात घातला. औषधं सापडली नाहीत. अहवालावर ‘आढळले नाही’ असं लिहून सही केली असती, तर कुणीही त्यांना बोल लावला नसता. पण आलेखावर एक शिखर उभं होतं, आणि त्याच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

मी गेली बरीच वर्षं अन्नरसायनशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात हे प्रकरण मी दरवर्षी सांगते, कारण यात दोन वेगळ्या जगांतले पदार्थ एकाच बाटलीत भेटतात. एक, प्लास्टिकला मऊ करणारा प्लास्टिसायझर. दुसरा, पेयाला दाटपणा आणि धूसरपणा देणारा डिंकासारखा पदार्थ. एकाचं काम दुसऱ्याच्या जागी कसं चालून गेलं हे नीट कळलं, की भेसळ पकडणं इतकं अवघड का असतं तेही कळतं.

१४९

आधी त्या शिखराजवळ थांबू. जीसी-एमएस यंत्रात नमुन्यातले घटक एकेक करून वेगळे होतात, मग त्यांचे तुकडे पाडून त्या तुकड्यांचं वस्तुमान मोजलं जातं. थॅलेट कुळातल्या, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला घालतात त्या, बहुतेक रसायनांचा सगळ्यात ठळक तुकडा ठरलेला असतो : १४९. ज्यानं हे यंत्र वर्षभर तरी हाताळलंय, त्याला पडद्यावर १४९ दिसला की पहिला संशय स्वतःवरच येतो. हातमोजे कुठले वापरले? बाटलीचं झाकण प्लास्टिकचं होतं का? नळी बदलली होती का? थॅलेट प्रयोगशाळेत जिथे तिथे असतात. मऊ प्लास्टिकच्या प्रत्येक वस्तूतून ते थोडे थोडे सुटत असतात. त्यामुळे आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, ‘१४९ दिसला तर आधी काचसामान धुवा, कोरा नमुना, म्हणजे तपासायचा पदार्थच न घातलेला, चालवा, मग बोला.’

हा सल्ला बरोबरच आहे. पण त्याची एक सवय होऊन बसते. १४९ म्हणजे आपलीच घाण, असं हात आपोआप ठरवून टाकतो आणि नजर पुढे सरकते.

यांगबाईंची नजर तिथून सरकली नाही. शिखराचा आकार त्यांना पटेना. शोधायला सांगितलेली गोष्ट नसतानाही जवळजवळ दोन आठवडे त्या मागे लागल्या आणि नाव निश्चित केलं : डीईएचपी, म्हणजे डाय-टू-इथाइलहेक्झिल थॅलेट. प्रमाण किलोमागे सुमारे ६०० मिलिग्रॅम. हातमोज्यातून किंवा झाकणातून एवढं येत नाही. एवढं यायचं तर ते कुणीतरी ओतावं लागतं.

६०० हा आकडा नुसता ऐकून काही बोध होत नाही, म्हणून मी वर्गात फळ्यावर गणित मांडते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २००५ मध्ये डीईएचपीची सुसह्य मर्यादा ठरवली होती, दर किलो वजनामागे रोज ०.०५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलासाठी ती होते अर्धा मिलिग्रॅम. समजा, आईनं त्याला या पावडरीची तीन ग्रॅमची एक पुडी दुधातून दिली. पुडीत १.८ मिलिग्रॅम डीईएचपी. म्हणजे मर्यादेच्या साडेतीन पटींहून जास्त, तेही एका पुडीत, आणि पोट सुधारावं म्हणून दिलेल्या. यांगबाई स्वतःही आई होत्या, हे तेव्हाच्या बातम्यांत आवर्जून आलं होतं.

रेनकोट का कडक होतो

प्लास्टिसायझर म्हणजे काय, ते समजायला घरातल्या दोन वस्तू पुरतात. बाथरूममागचा करड्या रंगाचा पाण्याचा पाइप आणि दारामागे टांगलेला जुना रेनकोट. दोन्ही पीव्हीसीच. पाइप काठीसारखा ताठ आणि रेनकोट कापडासारखा मऊ, कारण रेनकोटात प्लास्टिसायझर घातलेला असतो आणि पाइपात नसतो.

आई शेवया उकडून ठेवायची. गार झाल्या की त्यांचा एक गोळा व्हायचा. गरम असतानाच थोडं तूप चोळलं, तर मात्र त्या सुट्या राहायच्या, एकमेकींवरून घसरायच्या. पीव्हीसीच्या लांबलचक साखळ्यांचं असंच आहे. त्या एकमेकींना घट्ट धरून बसतात म्हणून प्लास्टिक ताठ राहतं. मध्ये तेलकट, लहान रेणू शिरले की साखळ्या दूर होतात, हलू लागतात आणि प्लास्टिक वाकतं. या उपमेतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तूप शेवयांना नुसतं चोळलेलं असतं, जोडलेलं नसतं, म्हणून ते भांड्याच्या तळाशी उतरतं. प्लास्टिसायझरही साखळ्यांना रासायनिक बंधानं बांधलेला नसतो. तो हळूहळू बाहेर येतो. चार-पाच पावसाळे काढलेला रेनकोट घड्यांवर तडकतो आणि हाताला चिकट लागतो तो त्यामुळे. आतलं तेल निघून चाललेलं असतं.

ही कल्पना जुनी आहे. १८७०च्या सुमारास सेल्युलॉइड तयार झालं तेव्हा नायट्रोसेल्युलोज मऊ करायला त्यात कापूर घातला होता, आपण आरतीला लावतो तोच. पीव्हीसीला मऊ करण्याचं काम १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी केलं. त्यानंतर थॅलेटांनी हा धंदा जवळजवळ ताब्यातच घेतला. आपल्या बाजारात डीईएचपीला ‘डीओपी’ म्हणतात. रेक्झिन, होजपाइप, चपला, केबल, ताडपत्री बनवणारा कुठलाही कारखानदार हे नाव ओळखतो. मऊ पीव्हीसीत ते वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असू शकतं. त्याचा मोठा भाऊ डीआयएनपी, जमिनीवरच्या व्हिनाइलमध्ये आणि वायरींच्या आवरणात वापरतात. थंडीतही लवचीक राहायला हवं तिथे ॲडिपेट, तापणाऱ्या तारांना ट्रायमेलिटेट. मुलांच्या खेळण्यांत आणि गोळ्यांच्या लेपात सायट्रेट, बरणीच्या झाकणातल्या रबरासारख्या चकतीत एपॉक्सी केलेलं सोयाबीन तेल. माशाच्या तेलाची जी पारदर्शक मऊ कॅप्सूल असते, तिच्या जिलेटिनमध्येही प्लास्टिसायझर असतो, पण तिथे ते काम ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल करतं, आणि दोन्ही खाण्याजोगी आहेत.

म्हणजे प्लास्टिसायझर हे एका विषाचं नाव नव्हे, ते एका कामाचं नाव आहे. आणि डीईएचपीची बाजूही सांगायलाच हवी. रक्तपेढीतल्या पीव्हीसीच्या पिशवीतून तो रक्तात थोडा उतरतो आणि तिथे लाल पेशींची आवरणं टिकवून धरतो, साठवलेल्या रक्तात पेशी कमी फुटतात. त्याला पर्याय शोधणं म्हणूनच इतकं रेंगाळलं. वस्तू एकच, पिशवीत ती कामाची, मुलाच्या दुधात घातक.

डिंक, आणि पेयातला ढग

आता दुसरं जग. दाटपणा आणणारे पदार्थ आपल्या स्वयंपाकघराला नवे नाहीत. कढी फुटू नये म्हणून डाळीचं पीठ, उपासाला शिंगाड्याचं पीठ, खळीला चिंचोके, उन्हाळ्यात सब्जा. कारखान्यात यांचीच भावंडं असतात : गवारीच्या बियांचा गम, झँथन, पेक्टिन, समुद्री शेवाळातून काढलेलं कॅराजीनन, चायना ग्रास म्हणजे अगार, सेल्युलोजपासून केलेलं सीएमसी, प्रक्रिया केलेला स्टार्च. पाकिटावर ४०६, ४०७, ४१२, ४१५, ४४०, ४६६ असे जे आयएनएस क्रमांक, म्हणजे अन्नात घालायच्या पदार्थांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक, असतात ते यांचेच. बहुतेकांचं काम साधं आहे : त्यांचे लांब रेणू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे पाणी जड चालतं.

४१४ मात्र वेगळा. तो गम अरेबिक, बाभळीच्याच कुळातल्या झाडांचा डिंक, सुदान आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्यातून जगभर जातो. लाडवातल्या डिंकाचा हा सख्खा चुलतभाऊ. तो पाण्यात भरपूर विरघळतो, तरी पाणी फारसं घट्ट होत नाही. त्याचा खरा गुण आणखी पुढचा आहे. त्याच्या रेणूला थोडं प्रथिन चिकटलेलं असतं. ते प्रथिन तेलाच्या थेंबाला धरतं आणि साखरेच्या साखळ्या पाण्याकडे पसरून राहतात. प्रत्येक थेंबाभोवती असं आवरण बसलं की थेंब एकमेकांत मिसळत नाहीत.

हे पेयाला कशासाठी लागतं? घरचं लिंबू सरबत डोळ्यांपुढे आणा. त्यात गर असतो, म्हणून ते गढूळ दिसतं आणि आपल्याला ते खरं वाटतं. कारखान्यातल्या पेयात फळ कमी आणि पाणी-साखर जास्त असेल, तर ते काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि गिऱ्हाइकाला पातळ वाटतं. मग तेलाचे अगदी बारीक थेंब, साधारण एक मायक्रॉन आणि त्याहून लहान, डिंकाच्या मदतीनं त्यात पसरवतात. प्रकाश त्यांच्यावर विखुरतो आणि पेय धूसर दिसतं. या मिश्रणाला चिनीत जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘ढग उठवणारा’ असा होतो. कायदेशीर मिश्रणात तीन गोष्टी असतात : गम अरेबिक, तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा एखादा इमल्सिफायर आणि खाद्यतेल, बहुधा पाम तेल.

अडचण तेलाचीच. पाणी १ धरलं तर पाम तेलाची घनता ०.९१च्या आसपास. साखरेच्या पाण्यात ते आणखी हलकं ठरतं. थेंब हळूहळू वर चढतात आणि महिनाभरात बाटलीच्या मानेशी पांढुरकं कडं जमतं. दुकानदार असा माल परत पाठवतो. यावर प्रामाणिक उपाय आहेत : थेंब आणखी बारीक करायचे, किंवा तेलात वजन वाढवणारा, खाण्यास परवानगी असलेला पदार्थ मिसळायचा, जसा राळेपासून केलेला एस्टर गम, आयएनएस ४४५. एके काळी ब्रोमीन जोडलेलं वनस्पती तेलही वापरत. भारतानं ते १९९० मध्येच बंद केलं, अमेरिकेनं परवानगी काढून घेतली ती २०२४ मध्ये. पाम तेलाच्या आणखीही खोडी आहेत. थंडीत ते थिजतं आणि ठेवून ठेवून खवट होतं.

अदलाबदल

आता डीईएचपी पाहा. रंग नाही, वास जवळजवळ नाही. घनता ०.९८, म्हणजे पाण्याच्या अगदी जवळ, त्यामुळे थेंब वर चढण्याचा वेग निम्म्याहूनही कमी. खवट होत नाही. थंडीत थिजत नाही. उकळत्या पेयात टिकतं. आणि पाम तेलापेक्षा स्वस्त.

यू शेन नावाच्या स्वादद्रव्य कंपनीनं ढग उठवणाऱ्या मिश्रणातलं पाम तेल काढून त्याच जागी डीईएचपी घातलं होतं. पुढे पिन हान ही दुसरी कंपनी सापडली, तिनं डीआयएनपी वापरलं होतं.

वर्गात इथे पोहोचले की मुलं गप्प होतात, आणि मलाही दरवेळी इथे थांबावं लागतं. नेहमीच्या भेसळीत माल निकस होतो. दुधात पाणी घातलं की दूध पातळ लागतं. मिरचीपुडीत विटेचा चुरा घातला की दाताखाली खर येते. इथे भेसळीनं माल सुधारला. पेय जास्त दिवस एकसारखं राहिलं, दिसायला चांगलं राहिलं, तक्रारी कमी झाल्या. मिश्रण विकत घेणाऱ्या कारखान्यांच्या गुणवत्ता विभागात जे जे तपासलं जातं – धूसरपणा, स्थिरता, रंग, चव, जंतू – त्या सगळ्यांत हा माल उत्तम गुणांनी पास होत होता. माल इतका चांगला का टिकतो, हा प्रश्न कुणाच्याच यादीत नव्हता.

यू शेनचं मिश्रण कुणी ग्राहक थेट विकत घेत नव्हता. ते दुसऱ्या कंपन्यांकडे जायचं, त्या स्वाद किंवा सिरप बनवायच्या, तिथून ते पेयांच्या, जेलींच्या, पुड्यांच्या कारखान्यांत. एका थेंबाचा माग असा तीन-चार हातांतून मागे काढावा लागला. अधिकाऱ्यांनी आणि सरकारी वकिलांनी मिळून तो काढला आणि २३ मे २०११ रोजी प्रकरण जाहीर झालं.

पुढचा आठवडा तैवानसाठी अवघड गेला. क्रीडापेयं, फळांचे रस, चहाची पेयं, जॅम-सिरप-जेली आणि पुड्या-गोळ्यांच्या रूपातली पूरक अन्नं, या पाच प्रकारांसाठी सरकारनं ३१ मे ही मुदत घातली. आपल्या मालात प्लास्टिसायझर नसल्याचा पुरावा ज्याच्याकडे नाही, त्याचा माल त्या दिवसापासून फळीवर राहणार नव्हता. दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या. या मालातला काही परदेशीही गेला होता, तिथेही तो परत बोलावणं सुरू झालं. महिनाभरातच कायदा बदलून दंड आणि शिक्षा वाढवल्या गेल्या.

यू शेनच्या मालकाला खालच्या न्यायालयानं १३ वर्षांची शिक्षा दिली, वरच्या न्यायालयानं ती १५ केली. त्याच्या बायकोलाही शिक्षा झाली. ग्राहकांच्या संघटनेनं पाचशेहून जास्त लोकांच्या वतीनं अब्जावधी तैवानी डॉलरचा दावा लावला होता. २०१३ मध्ये न्यायालयानं दिले सुमारे १२ लाख, सगळ्यांत मिळून. लोक चिडले, आणि चिडणं साहजिक होतं.

पण हा निकाल असा का लागला, हे रसायनशास्त्राच्या बाजूनंही पाहायला हवं. डीईएचपी पोटात गेला म्हणून कुणी त्याच दिवशी आजारी पडत नाही. शरीर त्याचे तुकडे करतं आणि बराचसा भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर टाकतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचं नुकसान दिसतं ते मुख्यतः गर्भात, नराची जननेंद्रियं घडत असतात त्या मोजक्या दिवसांत, कारण तो टेस्टोस्टेरॉनच्या कामात आडवा येतो. म्हणजे इजा झालीच तर ती वर्षांनी कळणार, आणि तोपर्यंत पुरावा शरीरातून केव्हाच निघून गेलेला असणार. ज्या आईनं गरोदरपणी ते पेय रोज घेतलं, तिनं न्यायालयात काय दाखवायचं? हा प्रश्न मला त्या १२ लाखांच्या आकड्यापेक्षा जास्त छळतो. इथे भरपाई नुकसान सिद्ध होण्यावर अवलंबून ठेवणं म्हणजे ती जवळजवळ नाकारणंच आहे.

आपल्याकडचा धागा

तैवान दूर आहे असं वाटत असेल तर मुंबईत या. १९८६च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. ग्लिसरीन गोडसर, दाट, बिनरंगी. डायइथिलीन ग्लायकॉलही गोडसर, दाट, बिनरंगी, आणि कारखान्यांत स्वस्तात मिळणारं. तैवानात तेलाच्या जागी तेलासारखं आलं, इथे पाकाच्या जागी पाकासारखं. फरक एवढाच की इथे माणसं काही दिवसांत गेली, म्हणून कळलं.

२००८ मध्ये चीनमधल्या दूध पावडरीत मेलामाइन सापडलं तेव्हाही कथा हीच होती. दुधातलं प्रथिन मोजायचं म्हणून प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जात होता, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. आपल्याकडे दुधात युरिया घालणाऱ्याचा हिशेब याहून वेगळा नाही. चाचणी कशाला फसते हे भेसळ करणाऱ्याला आधी ठाऊक असतं, कारण तो त्या चाचणीसाठीच माल बनवत असतो.

आपल्या एफएसएसएआयच्या वेष्टनविषयक नियमांत डीईएचपीला मर्यादा आहे : प्लास्टिकमधून अन्नात किलोमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त उतरता कामा नये. नियम आवश्यकच आहे. पण त्यात गृहीत हे धरलंय की डीईएचपी येणार तो बाहेरून, पिशवीतून, झाकणातून, झिरपत झिरपत. तैवानात तो पिंपातून ओतला गेला होता, घटक म्हणून. पिशवीची चाचणी निर्दोष निघाली तरी त्यातलं पेय दूषित असू शकतं.

या प्रकरणानंतर मी शिकवण्यात एक बदल केला. ‘१४९ दिसला तर काचसामान धुवा’ हे अजूनही सांगते. त्यापुढे आता प्रत्येकाला वहीत दोन आकडे लिहायला लावते : कोऱ्या नमुन्यातल्या १४९च्या शिखराचं क्षेत्रफळ आणि खऱ्या नमुन्यातल्या १४९च्या शिखराचं. दोन्ही सारखे असतील तर घाण आपली. गेल्या सत्रात एका मुलीनं बाजारातल्या लिंबू पेयाचा नमुना चालवला. तिला शोधायचे होते परिरक्षक, आणि ते सापडलेही, मर्यादेत. तरी ती वही घेऊन आली. म्हणाली, “मॅडम, कोऱ्यापेक्षा यात १४९ तिप्पट आहे. मी परत चालवू का?” आम्ही तीनदा चालवला. शेवटी नमुन्याच्या बाटलीच्या झाकणातली चकती बदलली, तेव्हा दोन्ही आकडे जुळले. पेय निर्दोष होतं. त्या दिवशी प्रयोगशाळा बंद व्हायला साडेसात वाजले.